चिंचेखालचं ‘डोन्ट हॅव’

टेबलावर नऊ वस्तू होत्या: एक बारीक टोकाची कात्री, एक निळी टोपी, हातमोज्यांची जोडी (ती मी एकच वस्तू धरली), अर्ध्या किलोची प्लॅस्टिकची डबी, साबणाची वडी, थर्मामीटर, स्टीलचा पेला, एक किल्ली आणि द्राक्षांचा एक घड. घडात ब्याण्णव मणी होते. मोजायची काही गरज नव्हती, पण बायका यायला वेळ होता आणि मला नुसतं बसता येत नाही. टेबलापलीकडे चौदा बायका येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा घडात एक्क्याण्णव मणी होते.

“एक मणी कोणी खाल्ला?” मी विचारलं.

“म्या,” मथुराबाई म्हणाल्या. “गोडी बघितली. तू काय मोजून ठेवलं व्हतंस का काय?”

“हो.”

चौदाच्या चौदा जणी हसायला लागल्या. त्यांच्यातली सर्वांत तरणी जयवंती भोये तर कात्री हातात घेऊन हसता हसता खाली बसली.

“शेडमध्ये खायचं नसतं, मावशी. ऑडिटचा पहिला नियम.”

“शेड अजून चालू कुठं झालंय? पूजा उद्या हाय. आज हे नुसतं पत्र्याचं घर. आज काही बी खावा, काही बी बोलावा.”

हे वाक्य मी त्या वेळी कानाआड केलं. पुढे ते मला चांगलंच महागात पडलं.

गोष्ट सात वर्षांपूर्वीची. मी नाशिकची, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाले होते, पुढच्या प्रवेशाची वाट बघत होते आणि दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षांच्या शेडमध्ये हंगामापुरती लागले होते. आसपासच्या शेतकऱ्यांनी मिळून उभारलेलं शेड. बागेतून आलेले घड तिथे निवडायचे, खराब मणी कात्रीनं काढून टाकायचे, डब्या भरायच्या, थंड करायच्या आणि कंटेनर भरून युरोपात पाठवायच्या. माझं काम मण्यातली साखर मोजण्याचं. इंग्रजीचं काम मॅनेजर दिगंबर ढिकले यांनी पहिल्याच दिवशी माझ्या गळ्यात घातलं.

“सर, मी केमिस्ट्रीची.”

“केमिस्ट्री इंग्रजीतच असती ना? मग झालं तर.”

त्यांची अडचण खरी होती. माल घेणाऱ्या परदेशी लोकांची ऑडिटर दर हंगामाच्या सुरुवातीला येते, शेड बघते, काम करणाऱ्या बायकांना थेट प्रश्न विचारते. शेडच्या माणसानं मध्ये पडून भाषांतर केलेलं चालत नाही. तो आपल्या मनाचं सांगेल अशी त्यांना शंका. म्हणून ती सोपे, छोटे इंग्रजी प्रश्न विचारते आणि बोटानं दाखवते.

“मागच्या साली काय झालं, ऐका,” ढिकले सर म्हणाले. “हात धुवायच्या बेसिनपाशी बाईनं मथुराबाईंना विचारलं, ‘डू यू हॅव सोप?’ मथुराबाई ठणकावून म्हणाल्या, ‘येस!’ बाईनं साबणाची बाटली दाबली. फुस्स! नुसती हवा. आता साबण संपणं ही काय मोठी गोष्ट नाही हो. पण रिपोर्टात काय आलं? ‘कामगार असत्य उत्तरं देतात.’ तीन आठवडे सर्टिफिकेट अडकलं. तोवर तिकडचा बाजार बसला. निम्मा माल इथं पडत्या भावानं काढावा लागला.”

“त्यांना प्रश्न कळला नसेल.”

“मी पण तेच म्हणतो. म्हणून तर तुम्ही. पण कळो न कळो, या साली पुन्हा तसं झालं तर मुकादमकी दुसऱ्या बाईकडं जाईल. संचालक मंडळानं ठरवलंय. मी त्यांना तोंडावर सांगितलंय तसं.”

मुकादमकीचं खरंच सांगितलंय का, असं मी मथुराबाईंनाच विचारलं. पन्नाशीच्या, ठेंगण्या, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, आवाज असा की कूलिंगच्या मशीनवर मात करेल.

“सांगितलंय ना,” त्या म्हणाल्या. “अकरा हंगाम झाले मला मुकादमकी करून. जिला म्या कात्री धरायला शिकवली, तिच्या हाताखाली उभं राहायचं म्हणतेत.”

“मग?”

“मंग काय? शिकव.”

मागच्या वर्षीच्या प्रश्नांची यादी मी ढिकले सरांकडून घेतली आणि प्रयोगशाळेतल्या सवयीनं प्रश्नांचे गट पाडले. बहुतेक प्रश्न एकाच क्रियापदावर उभे होते. साबण आहे का, हाताला जखम आहे का, ताप आहे का, नखाला रंग आहे का, हात धुतलेत का, कोणत्या वेळी धुवावेच लागतात. सगळीकडे ‘हॅव’. अख्खं इंग्रजी शिकवायला माझ्याकडे आठवडा होता. एका क्रियापदाला आठवडा म्हणजे चैन.

तर त्या पहिल्या दिवशी, पूजेच्या आदल्या दुपारी, मी कात्री उचलली. “आय हॅव सिझर्स. माझ्याकडे कात्री आहे.”

“आय हॅव कात्री,” चौदा जणी.

“चालेल. आता, मला दोन भाऊ आहेत. आय हॅव टू ब्रदर्स. मला ताप आहे. आय हॅव फीवर.”

जयवंतीनं हात वर केला. ती पेठकडची, कोकणा समाजातली, बारावीपर्यंत शिकलेली. तिला शंका फार आणि सगळ्या नेमक्या. “मॅडम, कात्री ‘माझ्याकडं’ हाय. भाऊ ‘मला’ हाय. ताकद ‘माझ्या अंगात’ हाय. आपण तिन्ही येगळं बोलतो. तिकडं सगळ्याला एकच?”

“एकच. हॅव.”

“मंग त्या लोकांना भाऊ आन् ताप सारखाच?”

“माझा भाऊ बघशील तर तू बी तसंच म्हणशील,” मागून ठकूबाई बोलल्या.

हशा ओसरल्यावर मी म्हटलं, “बरं, आय हॅव अ मदर-इन-लॉ. मला सासू आहे.”

“हे चूक हाय,” ठकूबाई म्हणाल्या. “सासू कुठं आपल्याकडं असती? आपण सासूकडं असतो. मदर-इन-लॉ हॅव ठकूबाई.”

“हॅज,” मी म्हटलं. “ती एकटी असली की हॅज. ‘शी हॅज’. ‘मी’ला मात्र हॅव, ‘आम्ही’ला पण हॅव.”

“म्या तर एकटीच हाय की,” मथुराबाई म्हणाल्या. “मला का हॅव?”

याचं उत्तर केमिस्ट्रीत नव्हतं. “तसं ठरलंय, मावशी.”

“ठरलंय खरं, पण बरोबर ठरलंय. मी एकटी कुठं असते? माझ्या मागं ही चौदा तोंडं.”

“तेरा,” मी म्हटलं. “चौदाव्या तुम्ही.”

“बघा, मोजूनच ठेवलंय!”

मग ‘हॅव टी’ आलं, म्हणजे चहा असणं नव्हे, चहा पिणं. मग ‘हॅव टु’. “आय हॅव टु वॉश माय हँड्स. मला हात धुवावेच लागतात.” मथुराबाईंनी ते दोनदा म्हणून पाहिलं आणि मान हलवली. “म्हणजे जे आपल्यापाशी हाय, तेच आपल्याला करावं लागतं. हे बेस हाय.” व्याकरणाच्या कुठल्याही पुस्तकात मी हे वाचलेलं नाही, पण त्यानंतर ‘हॅव टु’ कोणाचं चुकलं नाही.

नकारसुद्धा त्या दिवशी सहज आला. “डू यू हॅव फीवर?” “नो, आय डोन्ट हॅव.” चौदा जणींनी खणखणीत म्हटलं. शेवटी ठकूबाईंनी मथुराबाईंना पुढे ढकललं आणि उखाणा घ्यायला लावला. मथुराबाईंनी निळी टोपी डोक्यावर चढवली.

“हातामंदी हॅव कात्री, डोक्यावर हॅव टोपी,
निवृत्तीरावांचं नाव घेते, विंग्रजी लय सोपी.”

मी खोलीवर परतताना मनात म्हटलं, आठवडा कशाला, चार दिवसांत काम होईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजा झाली. वजनकाट्याला हळदकुंकू, फुलं, नारळ वाढवला, कूलिंगचं मशीन सुरू झालं, बायकांनी मास्क बांधले आणि हंगाम लागला. दुपारच्या सुट्टीआधी मी शेडमध्येच सगळ्यांना उभं केलं.

“डू यू हॅव सोप?”

“येस, आय हॅव!”

“डू यू हॅव फीवर?”

चौदा जोड्या डोळे मास्कवरून माझ्याकडे बघत राहिले.

“मावशी, काल तर आलं होतं. नो, आय डोन्ट हॅव. तुम्हाला ताप नाही ना?”

मथुराबाईंनी शेजारच्या वजनकाट्याला बोटं लावली आणि ती कपाळाला लावली. “हॅव,” त्या म्हणाल्या, “ते हॅवच बरं हाय.”

“पण ताप आहे असं होईल ते!”

“होऊ दे थोडा.”

जयवंती मास्कच्या आत हसत होती, हे तिच्या खांद्यांवरून कळत होतं. मी पुन्हा सांगितलं, पुन्हा तेच. ठकूबाई खोकल्या. एकीला अचानक पाण्याची आठवण झाली. लाइनच्या टोकावरून मथुराबाईंनी हाक दिली, “सर, डब्या उदंड झाल्या हो!” आणि ढिकले सरांनी गोदामातून डब्यांची नवी चळत मागवली. वर्ग तिथेच मोडला.

मला कोडं पडलं. काल येत होतं ते आज येत नाही; तर मधे बदललं काय? मी खोलीवर जाऊन विचार केला. मास्क आले होते. मशीनचा आवाज आला होता. काम सुरू झाल्यामुळे ढिकले सर काचेच्या केबिनमधून बघत होते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगाचा पहिला धडा. इथे तर तीन एकदम बदलल्या होत्या. मी एकेक तपासायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी मास्क काढायला लावले. “डू यू हॅव अ वूंड?” कोणी बोललं नाही. एकीनं काट्याला हात लावून नमस्कार केला. ही काट्याला हात लावायची सवय सगळ्यांनाच होती. मला वाटलं, वजन बरोबर यावं म्हणून करत असतील.

तिसऱ्या दिवशी विनंती करून मशीन पाच मिनिटं बंद ठेवलं. “डू यू हॅव नेल पॉलिश?” जयवंतीनं दहाही बोटं माझ्यासमोर पसरून दाखवली. स्वच्छ नखं. तोंडातून अक्षर निघालं नाही.

“जयवंती, तू तरी बोल. समजलं नाही का?”

“समजलंय, मॅडम. लय चांगलं समजलंय.”

चौथ्या दिवशी ढिकले सरांना काहीतरी निमित्त काढून नाशिकला पाठवलं. फरक शून्य.

त्याच दिवशी चहाच्या सुट्टीत मी वैतागून बाहेर चिंचेखाली बसले होते. शेडच्या दारापासून पंधरा-वीस पावलांवर मोठी चिंच, तिच्याखाली बायका चहा प्यायच्या. मी कपात बघत पुटपुटले, “डू यू हॅव शुगर?”

“नो,” ठकूबाई म्हणाल्या, “आय डोन्ट हॅव. आज गुळाचा हाय.”

मी मान वर केली. “काय म्हणालात?”

“आय डोन्ट हॅव शुगर.”

“डू यू हॅव फीवर?” मी उभीच राहिले.

“नो, आय डोन्ट हॅव!” चौदा जणी एका सुरात. जयवंतीनं वर “शी डझन्ट हॅव आयदर” म्हणून दाखवलं, जे मी शिकवलेलंही नव्हतं.

मी सगळ्यांना तशाच शेडमध्ये नेलं. दारात जंतुनाशक पाण्याचं पायधुणं, मग प्लॅस्टिकच्या पट्ट्यांचा पडदा. पडद्याच्या आत येऊन तोच प्रश्न विचारला. गप्प. बाहेर नेलं. “नो, आय डोन्ट हॅव!” आत आणलं. गप्प. तिसऱ्या खेपेला मथुराबाई म्हणाल्या, “पोरी, पाय धुऊन धुऊन माझ्या टाचा पांढऱ्या झाल्या.”

संध्याकाळी ढिकले सर परतल्यावर मी त्यांना निकाल सांगितला: आत चौदापैकी शून्य, बाहेर चौदापैकी चौदा.

“म्हणजे काय?”

“कारण कळलं नाही, सर. पण परिणाम पक्का आहे.”

“ऑडिट आत असतं, मॅडम,” ते म्हणाले. “आता एक करा. मथुराबाईंना त्या दिवशी मागं, शीतगृहाच्या तोंडाशी उभं करा. बाईच्या नजरेला पडायला नकोत.”

ऑडिटर आली ती गुरुवारी. उंच, उन्हानं लाल झालेली डच बाई, नाव अनेके. “एकच आली तरी अनेके?” ठकूबाई कुजबुजल्या. मागच्या वर्षीचीच बाई. तिनं बेसिनपाशी थांबून साबणाची बाटली आधी दाबून बघितली, हे सगळ्यांनी पाहिलं. साबण आला. ढिकले सरांनी कपाळ पुसलं.

त्यांचा घाम वेगळ्याच कारणाचा होता. हंगामाच्या पहिल्या दिवसांत नव्या हातांना कात्री लागतेच. बोटाला लावायच्या पट्ट्या शेडमध्ये निळ्या असतात. द्राक्षं निळी नसतात, त्यामुळे पट्टी डबीत पडली तर लगेच दिसते. त्या सकाळी चौदा जणींतल्या दोघी नव्या मुलींना कापलं, आणि प्रथमोपचाराच्या पेटीतली शेवटची निळी पट्टी गेली. नवा डबा नाशिकहून गाडीत निघाला होता. गाडी दुपारी येणार होती. पेटी बंद होती आणि ती कोणी उघडू नये अशी ढिकले सरांची प्रार्थना चालली होती.

अनेके बाई पेटीसमोर थांबली. कुलपाकडे बोट केलं. “हू हॅज द की?”

आठवडाभराची मेहनत त्या क्षणी फळाला आली. तेरा जणींनी काम थांबवून, माना वर करून, एका आवाजात, व्याकरणाची एकही चूक न करता उत्तर दिलं, “मथुराबाई हॅज द की!”

ढिकले सरांनी डोळे मिटले.

मथुराबाई शीतगृहाच्या तोंडाशी होत्या. त्या लाइनच्या कडेनं चालत आल्या. अनेके बाईनं त्यांना ओळखलं, हे तिच्या भुवयांवरून दिसलं. तिनं किल्ली मागितली नाही. तिनं मुद्दाम आधी प्रश्नच विचारला. सावकाश, एकेक शब्द सुटा करून.

“डू यू हॅव ब्लू प्लास्टर्स?”

प्लास्टर्स म्हणजे त्याच निळ्या पट्ट्या. बाईच्या पाठीमागे उभे असलेले ढिकले सर मान जोरजोरात वरखाली करत होते: हो म्हणा, हो म्हणा, बघता येईल. मला फक्त एवढंच कळत होतं की आत चौदापैकी शून्य. आता मथुराबाई “येस” म्हणणार, बाई कुलूप काढायला लावणार, आणि मग त्या जिच्या हाताखाली उभ्या राहतील ती बाई बहुतेक ठकूबाई.

मथुराबाईंनी ढिकले सरांकडे पाहिलं. मग वजनकाट्याकडे. मग त्यांनी अनेके बाईला हातानं खूण केली, “कम,” आणि दाराकडे निघाल्या.

बाई मागोमाग गेली. मी बाईच्या मागे, ढिकले सर माझ्या मागे. पडद्यापाशी मथुराबाईंनी अ‍ॅप्रन काढून खुंटीला लावला, टोपी काढली, मास्क काढला. पायधुणं ओलांडून त्या उन्हात उतरल्या. चार पावलं चालून वळल्या, पदर सारखा केला आणि दारात उभ्या असलेल्या बाईकडे बघून, शेतातल्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “नो. आय डोन्ट हॅव. गाडी हॅज. नाशिक. टू ओ क्लॉक.”

आणि ज्या वाटेनं गेल्या त्याच वाटेनं परत आल्या. पाय धुतले, टोपी, मास्क, अ‍ॅप्रन, बेसिनवर जाऊन कोपरापर्यंत साबण लावला. अनेके बाई घड्याळाकडे बघत होती. हात कोरडे करून मथुराबाईंनी किल्ली काढली आणि स्वतःच पेटी उघडून दाखवली. पट्ट्यांचा कप्पा मोकळा होता.

बाई माझ्याकडे वळली. हे उत्तर यांनी बाहेर जाऊन का दिलं, असं तिनं विचारलं. मी म्हटलं, मला माहीत नाही, पण मलाही सात दिवसांपासून जाणून घ्यायचंय.

“मावशी, असं का?”

“भाईर चल,” मथुराबाई म्हणाल्या. “हितं सांगता येत असतं तर कधीच सांगितलं असतं.”

पुन्हा अ‍ॅप्रन, पुन्हा टोपी, पुन्हा पायधुणं. चिंचेखाली पोचल्यावर त्यांनी मोठा श्वास घेतला.

“अगं, पूजा झाली की शेडमध्ये लक्ष्मी येती. पहिला कंटेनर सुखरूप जाईतो तिच्यासमोर ‘नाही’ म्हणू नये. ‘संपलं’ म्हणू नये, ‘रिकामं’ म्हणू नये. तुझी आई मीठ सरलं तर काय म्हणती?”

“उदंड झालं म्हणते.”

“मंग! नाशकात चालतं, अन् हितं आम्ही चौदा बायांनी रोज पन्नास वेळा ‘डोन्ट हॅव, डोन्ट हॅव’ म्हणायचं? भर शेडमध्ये? काट्यासमोर?”

“पण ते तापाबद्दल होतं, मावशी! ताप नाही म्हटलं तर लक्ष्मी कशाला रागवेल?”

“ती काय पुढचं ऐकायला थांबती? ‘नाही’ ऐकलं की निघाली.”

“आणि ते इंग्रजीत होतं.”

“माल कुठं चाललाय? तिकडंच ना? मंग तिला कळल्याबिगर ऱ्हाईल?”

“मग मला सांगितलं का नाहीत?”

“आत सांगावं तर तोच शब्द घ्यावा लागतो. अन् भाईर आलं की तू लगीच घोकायला लावायचीस. कधी सांगू?”

मला एकदम दुसरंच सुचलं. “मावशी, मागच्या वर्षी... साबणाचं... तुम्हाला प्रश्न कळला होता?”

“आता ‘सोप’ कोणाला कळत नाही, पोरी? नळापाशी उभं राहून बाटलीकडं बोट करून इचारतेय बाई. आंधळ्याला बी कळंल. पण पूजेचा दुसरा दिवस व्हता. माझ्या तोंडून ‘नाही’ कसं निघावं? ते खोटं ठरलं. वरीसभर जिवाला लागलं ते. खोटारडी म्हणाले मला. म्हणून या साली ठरवलं व्हतं, बाईनं इचारलंच तर भाईर जाऊन खरं सांगायचं. तेवढं दोन शब्द तू दिलेस, बरं झालं.”

ढिकले सर चिंचेच्या खोडाला टेकले होते. “पण मी तर आत दिवसभर नाही-नाही करत असतो,” ते म्हणाले.

“तुम्हाला कोण सांगणार, सर? म्हणून तर काट्याला आम्ही हात लावतो सारखं.”

मी हे सगळं अनेके बाईला इंग्रजीत सांगितलं. लक्ष्मीचं समजावून सांगायला वेळ लागला. बाईनं मधे एकदाही टोकलं नाही. मागच्या वर्षीचा रिपोर्ट तिनं हातातल्या टॅबवर काढला, एक ओळ दोनदा वाचली. मग तिनं ढिकले सरांना विचारलं, इथे एक खुर्ची मिळेल का?

खुर्ची चिंचेखाली आली. बाकीचे सगळे प्रश्न बाईनं तिथेच विचारले, एकेकीला बाहेर बोलावून. मी आणि ढिकले सर लांब उभे राहिलो, पण आवाज येत होते. “नो, आय डोन्ट हॅव.” “नो, वी डोन्ट हॅव.” मधेच ठकूबाईंचं “शी हॅज, आय डोन्ट हॅव” ऐकू आलं, कशाबद्दल ते कळलं नाही, पण बाई हसली. जयवंतीच्या वेळी उलटंच झालं, जयवंतीनंच बाईला प्रश्न विचारले. दोन वाजता गाडी आली आणि बाईनं निळ्या पट्ट्यांचा डबा स्वतः उतरवून घेतला.

रिपोर्ट पुढच्या बुधवारी आला. पहिला कंटेनर अजून दारात उभा होता. ढिकले सर छापलेला कागद घेऊन लगबगीनं शेडकडे आले, पडद्याची एक पट्टी बाजूला सारली, आणि मथुराबाईंनी आतून हात आडवा केला.

“त्यात तसलं काही लिहिलं असंल, तर तिकडूनच वाचा.”

ढिकले सरांनी कागदावरून नजर फिरवली आणि मुकाट्यानं एक पायरी खाली उतरले. आम्ही सगळ्या पडद्याच्या आतून कान देऊन उभ्या राहिलो.

“त्रुटी एक, किरकोळ,” ते उन्हात उभे राहून वाचू लागले. “प्रथमोपचाराचं साहित्य वेळेत मागवलेलं नाही. दुसरं, मागच्या वर्षीचा असत्य उत्तरांचा शेरा मागे घेण्यात येत आहे. पुढे कामगारांचे प्रश्न शेडबाहेर विचारावेत. सर्टिफिकेट मंजूर.”

आत टाळ्या झाल्या. मथुराबाईंनी हात वर करून त्या थांबवल्या.

“अन् माझं काय ठरलं, सर?”

“अजून एक ओळ आहे,” ढिकले सर म्हणाले. “ऐका, मुकादम.”

त्यांनी चष्मा सारखा केला.

“मुलाखती: चौदा. ‘नाही’ असं आलेलं उत्तर: एक्केचाळीस वेळा. पडताळणीत खरं निघालेलं: एक्केचाळीस.”